दमलेला फोम

"सीटचं चामडं पार सैल पडलंय, चाचा. बदलूनच टाका," वकीलबाई वैतागून म्हणाल्या.

सीटकव्हरवाले इस्माईलचाचा नेहमीप्रमाणे आधी सीटवर बसून बघायला गाडीत शिरले. सीट खोल दबली आणि लाकडी स्टुलावर बसून सकाळपासून ठणकणारी त्यांची कंबर एकदम गप्प झाली. उठावंसंच वाटेना.

"चामडं धडधाकट आहे, बाई," शेवटी ते म्हणाले. "आतला फोम दमलाय."

संध्याकाळपर्यंत त्यांनी नवा फोम भरला, तेच चामडं गरम करून ताणून बसवलं. सीट ताठ झाली. निघताना बाईंनी जुन्या फोमकडे बोट दाखवलं, "हा कचरा फेकून द्या हं."

"देतो की."

गाडी वळताच चाचांनी तो फोम स्टुलावर ठेवला आणि टेकले. दहा वर्षं दुसऱ्याच्या वजनानं पडलेला खड्डा त्यांच्याच मापाचा निघाला.