गाडीनंबरावरचा इंडेक्स

"ह्या मोपेडचा मालक कोण हाय? नाव-पत्ता काढ," असं म्हणत दोघा भावांनी गॅरेजच्या काउंटरवर कोयता आपटला. त्यांची बहीण गडहिंग्लजहून त्याच मोपेडवर कुणाच्या तरी मागं बसून पळाली होती, आणि गाडीच्या नंबराशिवाय त्यांच्या हातात काहीच नव्हतं. गॅरेजमालक बाळासो माझ्याकडं बोट करत म्हणाले, "दमानं घ्या, पावणं. सॉफ्टवेअरवाल्यांनी आजच गाडीनंबरावर इंडेक्स लावलाय. नंबर टाकला की झटक्यात नाव येतंय." मी आधी तो इंडेक्स काढून टाकला आणि मग नंबर टाकला. मी टाइप केलेल्या इंग्रजी ओळी कुणालाच कळल्या नाहीत. गॅरेजचा जुनाट कॉम्प्युटर गिऱ्हाइकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी एकेक करून चाळत बसला, स्क्रीनवर चकती फिरत राहिली. "मघाशी तर लगेच येत हुतं," बाळासो पुटपुटले. "आमाला खेळवतोस व्हय?" म्हणत थोरल्यानं कोयत्याची मूठ त्यांच्या तोंडावर हाणली. दात कीबोर्डवर पडला. मी फोनकडं बघितलं. धाकट्यानं त्यांचा पंजा काउंटरवर दाबून धरला आणि थोरल्यानं कोयता उगारला. तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेज आला: "एसटी सुटली. तुम्ही मागनं या." "थांबा," मी म्हणालो. रक्तानं चिकट झालेल्या बटणांवरून मी इंडेक्स पुन्हा तयार केला आणि नंबर टाकला. या वेळी नाव झटक्यात आलं. मी स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली. फुटक्या ओठांनी बाळासो ते नाव मोठ्यानं वाचायला लागले, आणि मधेच थांबून माझ्याकडं बघत राहिले.