थंडीची सुट्टी

जयपुरात हाडं गोठवणारी थंडी पडल्यापासून दुसरीतली गार्गी रोज देवापुढे हात जोडून एकच मागत होती, थंडीची सुट्टी. आई तिच्याच शाळेत चौथीला शिकवायची. सुट्टी मिळाली की दोघींनी दुपारपर्यंत रजईतून बाहेरच यायचं नाही, तीळगुळाची गजक खात पत्ते खेळायचे, असं आईनं कबूल केलं होतं.

सोमवारी संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, आठवीपर्यंत आठवडाभर सुट्टी. गार्गी पलंगावर उड्या मारत होती, तोवर आई शेवटच्या ओळीशी पोचली होती. शिक्षकांनी मात्र नेहमीच्या वेळी हजर राहायचं होतं.

"मतलब, मला सुट्टी आणि तुला नाही?"

"मलाही आत्ताच कळलं गं, राणी."

सकाळी आईनं तिला रजईसकट उचलून शेजारच्या शर्मा आंटींच्या सोफ्यावर नेऊन ठेवलं. "आंटींना त्रास देऊ नकोस हं," म्हणत गालावरून हात फिरवला. गार्गीनं तोंड भिंतीकडे वळवलं.


"शाळा असती ना, तर मधल्या सुट्टीत तरी तू दिसली असतीस."