मोठ्या आवाजाची बँजोलेली

"फारच मोठ्यानं बोलते ही," विल्फ पुन्हा म्हणाला. पितळी कड्याची बँजोलेली त्यानं काउंटरवर ठेवली आणि अक्रोडाच्या लाकडाची पुन्हा उचलली.

बँजोलेली म्हणजे बँजोचं शेंडेफळ. हातभर लांब, चार तारांची, ताटलीएवढ्या कड्यावर वासराचं कातडं ताणलेली. अक्रोडाची मऊ बोलायची, भिंतीपलीकडे कुणी गुणगुणावं तशी. पितळीला नुसतं बोट लागलं तरी खिडकीतल्या बासऱ्या शहारायच्या.

"जाणकार माणूस अक्रोडाचीच घेतो, साहेब," दुकानदार टॅटरसॉल म्हणाला. जाणकाराला ती महागही पडायची, पण ते त्यानं मोठ्यानं सांगितलं नाही.

ब्लॅकपूलमधली ती सुट्टीची शेवटची दुपार होती. तिकडे डोंगरात त्यांच्या गावच्या गिरण्या आठवडाभर बंद होत्या, चिमण्या थंड पडल्या होत्या आणि अख्खं गाव, पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत, ठेवणीतले बूट घालून इथल्या किनाऱ्यावर फिरत होतं. ओल्या वाळूवरचा उजेड दुकानाच्या छतावर हेलकावे खात होता. आपण पाण्याखाली उभे आहोत आणि आज काहीही घडू शकतं, असं विल्फला वाटत होतं.

"कुठली घेऊ, एडना?"

एडना क्रॉशॉ पोरवयापासून साच्यांवर कापड विणत आली होती. विल्फ तिच्या रांगेचा जॉबर. जॉबर म्हणजे अडलेला साचा चालू करून देणारा माणूस आणि साचेखात्यातल्या बायकांच्या चेष्टेचा हक्काचा विषय. शेकडो साच्यांच्या त्या खडखडाटात शब्द कुणाच्याच कानापर्यंत पोचत नसे. सगळे आवाज न काढता तोंड मोठं करून बोलत, ओठ वाचत. भोंगा झाल्यावर रस्त्यातही ही सवय सुटत नसे. पण इतर बायकांची नजर बोलता बोलता टोप्यांवर, दुकानांवर भिरभिरायची. एडनाची कधी हलायची नाही. विल्फ बोलू लागला की ती त्याच्याच तोंडाकडे बघत राहायची. या एका नजरेवर विल्फनं मनातल्या मनात मोठी रक्कम जमा धरली होती.

आज रात्री ते उतरले होते त्या खानावळीच्या बैठकीत रिवाजाप्रमाणे प्रत्येकानं काही ना काही करून दाखवायचं होतं. विल्फनं एक धून रचली होती, आणि ती वाजवून झाली की तो एडनाला विचारणार होता. सोमवारी साचे सुरू होतील, मग पुढच्या सुट्टीपर्यंत राहूनच जाईल. गेल्या वर्षीही असंच राहून गेलं होतं.

एडनानं काउंटरवर तळवा टेकला होता. "ती घे. पितळी."

"ती? अगं, कढई बडवल्यासारखी वाजते ती! कान आहेत की बटाटे?"

"मला विचारायचं आणि ऐकायचं दुकानदाराचं! मग आणलंस कशाला मला, जॉबरसाहेब? तुझी टोपी धरायला?"

विल्फ हिरमुसला. ती धून अक्रोडाच्या आवाजासाठीच होती. जिला हा गोडवा कळत नाही, तिला आपल्यात काय कळणार? एकदा पूर्ण वाजवून दाखवावी म्हणून तो खिडकीशी गेला. तिच्याकडे तोंड करून बोटं चालली नसती, म्हणून पाठ करून उभा राहिला.

धून अशी कधीच वाजली नव्हती. बाहेर वाळूवरून पोरांना फिरवणारी गाढवं सावकाश परतत होती, त्यांच्या घुंगरांचा ठेका जणू त्याच्याच तारांवर पडत होता. खिडकीची काच मधाच्या रंगाची झाली. रात्रीपर्यंत थांबायचं कशाला, असं त्याच्या मनात आलं आणि शब्द तोंडातून निघून गेले.

"एडना, माझ्याशी लग्न करशील?"

टॅटरसॉलचा फडकं फिरवणारा हात थांबला.

उत्तर आलं नाही. शेवटची तार विझली. लांबून एक ट्राम गेली. विल्फची कानशिलं तापली. म्हणजे नाहीच. तो हळूहळू वळला.

एडना तिथंच उभी होती, तळवा काउंटरवर, चेहऱ्यावर कौतुकाचं हसू.

"वाजव की रे आता," ती म्हणाली. "सूर किती वेळ लावत बसणार?"

विल्फ बघतच राहिला. तिची नजर त्याच्या ओठांवर होती. नेहमीच असायची. आणि आता त्याला आठवलं, पाववाल्याच्याही असायची, पाद्र्याच्याही. जिथं सगळेच ओठ वाचतात, तिथं साचे थांबल्यावरही एखादीला ऐकूच येत नाही, याची चौकशी कोण करणार? बटाटे म्हणालो आपण. जमा धरलेली ती रक्कम एका क्षणात खोडली गेली, शिल्लक काहीच उरली नाही.

मग त्यानं तिचा तळवा पाहिला, काउंटरच्या लाकडावर पसरलेला.

त्यानं अक्रोडाची बाजूला ठेवली. पितळी उचलून तिची पाठ लाकडावर, एडनाच्या बोटांशी टेकवली आणि चारही तारा एकदम छेडल्या. बासऱ्या शहारल्या, तळव्याखालचं लाकूडही. एडनानं डोळे मिटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिची नजर त्याच्या तोंडावरून हलली होती.

"ही," ती म्हणाली.

तिनं डोळे उघडेपर्यंत तो थांबला. मग साचेखात्यात पलीकडच्या रांगेला सांगावं तसं, तोंड मोठं करून, आवाजाचा टिपूसही न काढता त्यानं पुन्हा विचारलं.

टॅटरसॉलला काहीच ऐकू आलं नाही. "मग साहेब, काय ठरलं?" तो म्हणाला.

एडना मानेपर्यंत लाल झाली.

"हो रे बाबा, हो," ती विल्फला म्हणाली. "पण एवढ्या मोठ्यानं ओरडायचं कशाला? दुकानदार ऐकतोय ना."