मुरूडला जायचं कसं

"आई, मुरूडला बोटीने जायचं, एसटीने, की आपल्या गाडीने?" ऋताने विचारलं.

"कशानेही," कुमुद म्हणाली. नवरा गेल्यापासून प्रत्येक प्रश्नाला तिचं असंच उत्तर असे. रडूसुद्धा आलं नव्हतं.

"मग गाडीच काढू. तू चालव, निवांत थांबत थांबत जाऊ."

कुमुद खाली जाऊन गाडीत बसली, पण तिचे पाय क्लचपर्यंत पोचेनात. गाडी शेवटची त्याने चालवली होती. सीट त्याच्या लांब पायांच्या बेताने मागे होती.

"अगं, सीट पुढे घे ना," ऋता खिडकीतून म्हणाली.

कुमुदने सीटखालचा दांडा धरला. हात तिथेच राहिला. मग तिने तो सोडून दिला.

"बोटीने जाऊ," ती म्हणाली. "गाडी राहू दे अशीच."

एवढं बोलताना तिचा आवाज कापला, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.