लख्ख नमुना

बॉयलर चालवताना नळी फुटून जावई गेला, तेव्हा अण्णा लेकीला ठामपणे म्हणाले होते, "नळी मी स्वतः तपासून पास केलीय गं. चूक त्याचीच झाली असणार."

आज ते चौकशीला आलेल्या बाईंनाही तेच पटवून देत होते. आधी त्यांनी नळीला झिजू न देणाऱ्या कोटिंगची जाडी मोजायचं मशीन नमुन्याच्या तुकड्यावर टेकवलं. या तुकड्यावरचं कोटिंग ठरलेल्या जाडीचं. मशीनचा आकडा त्या जाडीशी जुळवायचा आणि मगच माल तपासायचा, ही कारखान्याची रीत. मग मशीन फुटलेल्या नळीवर आलं. ध्वनिलहर पृष्ठभागावरून सरकत गेली आणि पडद्यावर जाडी उमटली.

"बघा, कोटिंग पुरेपूर आहे."

"नळी कापून आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, अण्णा. कोटिंग निम्मंसुद्धा नाही."

"मग तुमचंच काहीतरी चुकलंय. माझं मशीन खोटं बोलत नाही."

बाईंनी नमुन्याचा तुकडा उचलून उजेडात धरला. "एवढा जुना तुकडा, आणि आरशासारखा चमकतोय?"

जावई गेल्यापासून पहिल्यांदाच अण्णांचा चेहरा खुलला. "चमकणारच! रोज सकाळी पावडर लावून मी स्वतः घासतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

बोलता बोलता त्यांनी सवयीने खिशातलं फडकं काढलं. तुकड्यावरून रोज थोडंथोडं घासून उतरलेल्या कोटिंगने ते काळंराखाडी झालं होतं. पुढे केलेला हात तिथेच थांबला.

"बाई," अण्णा म्हणाले, "मी लेकीला सांगितलंय, चूक त्याची होती."