गरम बॉनेट

बसा दादा, चहा येईतोवर एका जुन्या गाडीची गोष्ट सांगतो. वेणूबाई आमच्या घाटातल्या नर्स. वाड्यावस्त्यांवर जायला उंच गाडी पायजे म्हणून मला घेऊन गुरवमास्तरांच्या दारात ती जुनी गाडी बघायला आल्या.

"मिस्त्री, हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय. घेऊ का?"

"इंजिन तेच त्यांच्या दुसऱ्या गाडीत येतंय अजून. त्याचं सामान कुठंबी मिळंल."

पण बॉनेटवर हात ठेवला तर चांगलंच तापलेलं. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम केली, म्हणजे गार इंजिन उठत नाही, असं आम्ही धरतो. मास्तरांना तोंडावर विचारलं, "काय लपवताय?"

मास्तर म्हणाले, "सकाळी बायकोला शेवटची फेरी मारून आणली, बाबा."

तरी बॉनेट गार होईस्तोवर मी दोन तास ओट्यावर बसून राहिलो. मग चावी फिरवली. पहिल्याच झटक्याला सुरू झाली. "घ्या बाई," म्हटलं आणि मास्तरांना हात जोडले.

आता त्याच गाडीतनं बाई बाळंतिणी दवाखान्यात आणतात. परवा मागचा दिवा फुटला, तो मात्र नवा मिळंना. तुमची तसलीच गाडी भंगारात चाललीय म्हणं. तिचा दिवा मला काढू द्या की.