शेवाळाचा चौकोन

चौकोन आजही कोरा होता.

मंजिमा चौथ्या पायरीवर उकिडवी बसून पाण्यात बघत राहिली. पाचव्या पायरीवर वीतभर पाणी होतं. उन्हाळ्यात तळं उतरलं होतं, तेव्हाच तिनं तिथं पांढऱ्या ऑइलपेंटनं फूटभर चौकोन आखून ठेवला होता. आता रोज सकाळी सातला, त्याच जागेवरून, चौकोनातल्या शेवाळाचा एक फोटो. असे तीस झाले की त्रिशूर जिल्ह्याच्या विज्ञान मेळ्यात तिचं नाव! आधी फिकट हिरवी साय, मग मखमल, मग पाण्याबरोबर डोलणारे लांबच लांब केस. बीना टीचर तर वर्गात म्हणाल्या होत्या, "शेवाळसुद्धा रोज थोडं वाढतं, तुम्ही कधी वाढणार?"

वीस फोटो झाले आणि माशी शिंकली. रविवार, सोमवार, मंगळवार. चौकोनात नुसता तांबडा जांभा दगड. बाहेर मात्र शेवाळ जसंच्या तसं. माशांनी खाल्लं म्हणावं, तर रेघेच्या आत राहून जेवायची शिस्त माशांना कुठली? हे माणसाचंच काम. आणि आज पायरीवर नारळाच्या काथ्याचा ओला बोळाही सापडला. भांडी घासायचा. त्यांच्याच घरातला.

वडील पहाटे चारलाच बस घेऊन निघायचे. मग घरात उरलं कोण?

ओमना. वडिलांनी सहा महिन्यांपूर्वी लग्न करून आणलेली. इडुक्कीच्या डोंगरातली, वेलदोड्याच्या मळ्यांतली. पोहता येत नव्हतं. पाण्याची एवढी धास्ती, की कपडेसुद्धा तळ्याकडे पाठ करून वाळत घालायची. मंजिमा तिच्याशी मोजून तीन शब्द बोलायची. हो, नको, जाते. ओमनाचं तोंड मात्र चालूच असायचं. "न्हाऊन-धुऊन घाणीचे फोटो काढते ही! गावातली फुलं काय संपली?" शनिवारी फोटोच्या नादात मंजिमाचा पाय पाण्यातल्या पायरीवर पडला, घसरला, कोपर सोलून निघालं. हळद लावतानाही हिचं तेच. "फोन वाचला ना? मग झालं तर!"

आता कळेल, मंजिमानं ठरवलं. चोर पकडायचा, तोही फोटोसकट.

बुधवारी फटफटायच्या आधीच ती केवड्याच्या बेटाआड जाऊन बसली. साडेपाचला मागचं दार वाजलं. ओमना आली. पण आली ती अशी, की मंजिमा फोटो काढायचं विसरूनच गेली.

ओमनाच्या कमरेला कपडे वाळत घालायची दोरी होती. दोरीचं दुसरं टोक तिनं काठावरच्या नारळाला बांधलं. तीन गाठी मारल्या. ओढून पाहिलं. आणखी एक मारली. मग पहिल्या पायरीवर चक्क बसली आणि बसल्या बसल्याच, तान्ह्या पोरासारखी, एकेक पायरी खाली सरकू लागली. दर पायरीला "गुरुवायूरप्पा, सांभाळ रे." चौथीवर पोचल्यावर डोळे गच्च मिटून पाण्यात हात घातला. मग एकच डोळा उघडला आणि लागली काथ्यानं घासायला. खसाखसा.

"सापडलात!" मंजिमा बाहेर आली. "माझे वीस दिवस वाया घालवलेत! काय वाकडं केलं होतं मी तुमचं?"

ओमनानं दोन्ही हातांनी दोरी धरली. "अगं बाई, ओरडू नकोस! पडेन ना मी!"

"मुद्दाम करता. कळतं मला सगळं."

"मुद्दाम नाही तर काय, गंमत म्हणून येते मी इथं जीव मुठीत धरून?" तिला धाप लागली होती. "शनिवारी पडलीस. रविवारी येऊन बघते, तर पायरीवर हा चौकोन. म्हटलं, पोरीनं पाय ठेवायला जागा आखली, पण घासायची अक्कल नाही! रोज घासलं नाही तर पुन्हा बुळबुळीत होतं ते."

चौकोन कशासाठी आहे, हे मंजिमानं घरात सांगितलंच नव्हतं. तीन शब्दांत ते बसणार तरी कसं होतं?

ती हळूच ओमनाशेजारी येऊन बसली. "तो पाय ठेवायला नव्हता," ती म्हणाली. "तिथलं शेवाळच हवं होतं मला. विज्ञान मेळ्यासाठी त्याचेच तर फोटो."

ओमनानं हातातल्या काथ्याकडे पाहिलं. मग चौकोनाकडे. काथ्या तिच्या हातून गळून पाण्यात पडला.

"देवा रे. मग आता परत वाढायला किती दिवस?"

"वीस."

"आणि मेळा?"

"आठ दिवसांवर." मंजिमानं नाक ओढलं. "मेळा गेला. पण फोटो मी काढणारच. पहिल्यापासून."

ओमनानं एका हातानं दोरी धरून दुसऱ्यानं आजूबाजूचा दगड चाचपून पाहिला. उजवीकडे, डावीकडे, पाण्यातही. सगळीकडे नुसतं गुळगुळीत हिरवं.

"ते सगळं खरं," ती म्हणाली, "पण तेवढे दिवस तू पाय कुठं ठेवणार?"